पतंगाला सातबारा वाचता येत नाही



सिल्लोडच्या मागल्या बैठकीत एक तरुण शेतकरी उठला आणि म्हणाला, "शेत माझं, बियाणं माझं, विहिरीचं पाणी माझं. फरदड ठेवायची का पऱ्हाटी उपटायची, ते मी ठरवीन. तुम्ही कोण विचारणारे?" टाळ्या पडल्या. त्यातली एक टाळी आमचीही होती, हे कबूल केले पाहिजे. घरी परतताना मात्र ती टाळी हाताला चावत राहिली, म्हणून हा लेख.

त्या पोराने जे म्हटले ते आपल्याच चळवळीने शिकवले आहे. कापूस एकाधिकार योजना 1972 च्या हंगामापासून तीस वर्षांच्या आसपास आपल्या मानगुटीवर होती. नाव सहकाराचे, पण आपलाच कापूस दुसऱ्याला विकला तर गुन्हा आणि राज्याच्या हद्दीबाहेर नेला तर चोरटी वाहतूक. केंद्रावर बैलगाड्यांच्या रांगा, ग्रेडरची मर्जी, हप्त्याहप्त्याने चुकारा आणि वर भांडवल निधीची कपात. 10 डिसेंबर 1986 रोजी हिंगोलीजवळ सुरेगावला कापसाच्या भावाच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळ्यांनी शेतकरी पडले. ज्यांच्या घरात हे घडले, त्यांना 'सर्वांच्या हितासाठी' हे शब्द ऐकले की आजही अंगावर काटा येतो. येणारच. सर्वांच्या नावाने ठरवणारे मुंबईत बसत आणि भोगणारे शिवारात असत.

जुन्या गावगाड्याचे गोडवे गाणारेही बरेच आहेत. इर्जिक होती, सावड होती, एकाच्या नांगरटीला दहा बैलजोड्या येत, हे खरे. पण त्याच गावगाड्यात कोणी कोणते काम करायचे ते जन्माने ठरत होते. गावकीची कामे ज्यांच्या माथी मारली होती, त्यांना कोणी विचारले नव्हते. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबईच्या कौन्सिलात महार वतनाविरुद्ध बिल आणले, ते गावाच्या अशाच 'एकी'तून माणूस सोडवण्यासाठी. त्यामुळे गाव म्हणेल ते खरे, असे आम्ही म्हणणार नाही.

मग प्रश्न कुठे आहे? प्रश्न बोंडात आहे.

आम्ही कृषी पदवी घेतली तेव्हा परीक्षेपुरती गुलाबी बोंडअळी वाचली. 2017 च्या हंगामात ती शिवारात पाहिली. डोमकळ्या दिसत होत्या, बोंड फोडले की आत अळी, दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या, रुई पिवळी. तालुक्याच्या कचेरीत 'जी' फॉर्म भरायला लोक उभे होते. कंपन्यांना शिव्या घातल्या गेल्या आणि त्यातल्या पुष्कळ वाजवीही होत्या. पण एक गोष्ट आपल्यात कोणी मोठ्याने बोलत नाही. बीटीच्या 450 ग्रॅमच्या पाकिटाबरोबर 120 ग्रॅमचे साध्या कपाशीचे एक छोटे पाकीट येत असे. ते बांधाकडेने पेरायचे होते. त्या ओळींवर जगलेला पतंग बीटी पचवलेल्या पतंगाशी जुळावा आणि अळीची ताकद वाढू नये, एवढाच हिशेब. आपण काय केले? पाकीट बांधावर फेकले. त्या बियाण्याची प्रत वाईट असे, उगवण कमी, दोन-चार ओळींचे उत्पन्न बुडायचे. एकट्या माणसाचा हिशेब अगदी बरोबर होता. आम्ही स्वतः शेतीचे शिक्षण घेऊनही दोन वर्षे ते पाकीट पेरले नाही. शेजाऱ्याने नाही पेरले, मग आपणच कशाला? प्रत्येकाचा बरोबर हिशेब मिळून सगळ्यांचे बोंड किडले.

फरदडीचे तसेच. ज्याच्या विहिरीला जानेवारीत पाणी आहे, तो एक-दोन पाणी देऊन आणखी दोन क्विंटल काढतो. तेवढ्यात त्याच्या शेतात अळीच्या दोन पिढ्या वाढतात. पुढच्या हंगामात ज्याची विहीर कोरडी, ज्याची कपाशी पावसावर, त्याच्या पात्यांवर ती उतरते. मे महिन्यात ठिबकवर लावलेली कपाशीही तेच करते. जमिनीतून निघालेल्या पतंगाला अंडी घालायला पातेच सापडले नाही तर तो आपसूक मरतो. त्याला पाते दाखवायचे की नाही, हे ज्याच्याकडे पाणी आहे त्याच्या हातात असते. कोरडवाहू भावाला त्याच्याच पिकाच्या किडीबद्दल बोलायला जागा नाही. ज्याला स्वातंत्र्य म्हणायचे, त्याचे बिल दुसऱ्याच्या नावाने फाटत असेल तर ते कसले स्वातंत्र्य? एकाधिकारात सरकार हेच करत होते.

ज्वारीचे उदाहरण तर म्हाताऱ्यांना विचारा. सगळे शिवार ज्वारीचे होते तेव्हा पाखरे वाटून खायची. आता चहूकडे मका आणि मधे एकट्याची दोन एकर ज्वारी. पंचक्रोशीतली पाखरे तिच्यावर. गोफण फिरवून हात दुखतो आणि पुढल्या वर्षी तोही मका लावतो. ज्वारी का गेली याची भावाखेरीज ही दुसरी गोष्ट आहे. पेरणी मागेपुढे झाली की खोडमाशी उशिराच्या शेतावर तुटून पडते, हीही तीच गोष्ट.

विद्वान सांगतात, पश्चिमेचा माणूस एकटा विचार करतो आणि आपण भारतीय समूहाने जगतो. आता हे ऐका. हीच अळी 1917 साली अमेरिकेत टेक्सासात पोहोचली. ऑक्टोबर 2018 मध्ये त्यांच्या शेती खात्याने जाहीर केले की देशातल्या कापूस पट्ट्यातून ती हद्दपार झाली. बीटी त्यांच्याकडेही होते. पण तिकडच्या कापूसवाल्यांनी स्वतः मतदान करून मोहीम स्वीकारली, स्वतःची वर्गणी भरली, अमुक तारखेच्या आत पऱ्हाटी गाडायचा नियम पाळला आणि विमानातून नपुंसक पतंग सोडले. शेकडो एकरांचे मालक, शेजाऱ्याशी रामराम नसलेले! आणि आपण, दिंडीत एका टाळावर चालणारे, एका शिवारात एका तारखेला पऱ्हाटी काढू शकत नाही. भिशी, लग्न, सप्ताह यांत आपण समूहाचे. बांध आला की प्रत्येक जण संस्थानिक.

आपल्याकडे होतच नाही असेही नाही. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने ग्रामसभेत ठरवून शेतीसाठी बोअर घेणे बंद केले. जमीन ज्याची त्याचीच राहिली. कलेक्टरच्या हुकमाने हे झाले नाही, म्हणून टिकले.

आमचे म्हणणे एवढेच, की शेताची मालकी आणि विक्रीचे स्वातंत्र्य यांना कोणी हात लावू नये. पण डिसेंबरअखेर पऱ्हाटी काढणे आणि जूनच्या पावसाआधी कपाशी न लावणे, या दोन गोष्टी शिवाराने मिळून ठरवाव्यात. सरकारने नाही, चळवळीच्या अध्यक्षानेही नाही. मध्यंतरी सरकार 1 जूनच्या आत बियाणे विकू नका म्हणत होते आणि पाकीट परराज्यातून येत होते. हुकमाची गत अशीच होते.

यात एक अडचण पुरुषांच्या सभेत निघत नाही. पऱ्हाटी म्हणजे चुलीचे सरपण. सिलेंडर परवडत नाही म्हणून घरामागे रचलेल्या त्या ढिगातल्या नख्यांत अळी झोपलेली असते. उपटून जाळा म्हणणे सोपे, पण पावसाळ्यात चूल कशावर पेटवायची, याचे उत्तर बायांना विचारल्याशिवाय ठराव करू नये. काठ्या ठेवून नख्या तेवढ्या झोडून जाळता येतील, पण ती मजुरी कोणाच्या अंगावर? आणि फरदड सोडणाऱ्याचे दोन क्विंटल बुडतात, ते शिवाराने वर्गणी करून थोडे तरी भरून द्यावेत का? आम्हाला वाटते, द्यावेत. यावर भांडण होईल, होऊ द्या. जिनिंगवाल्यांनाही बोलवा, सरकीच्या ढिगाभोवती कामगंध सापळे लावणे त्यांचे काम आहे.

पुढच्या जिल्हा बैठकीला प्रत्येक गावाने एक आकडा आणावा: गेल्या फेब्रुवारीत आपल्या शिवारात किती एकर पऱ्हाटी उभी होती. नावे नकोत, एकर आणा. सुरुवात आम्ही करतो. आमची दोन एकर 11 फेब्रुवारीपर्यंत उभी होती.