पाटी बदलते तेव्हा

नाशिकसारख्या तीर्थक्षेत्री ‘शुद्ध शाकाहारी’ अशी पाटी मिरवणारे एखादे भोजनगृह एके दिवशी मटण-कोंबडीही वाढू लागते, तेव्हा तेथे वर्षानुवर्षे जेवणाऱ्या गिऱ्हाइकाचा हिरमोड होतो. अशा हिरमोडाची थट्टा करण्याचा मोह पुरोगामी मंडळींना होतो. तो त्यांनी आवरावा. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी त्र्यंबकेश्वरी पायी येणारा माळकरी कुणबी असतो, माळी असतो, शेतमजूरही असतो. त्याचे मांसवर्जन उच्चवर्णीय सोवळ्यातून आलेले नाही; गळ्यात तुळशीची माळ घालताना त्याने ते स्वखुशीने पत्करलेले आहे. परगावी दोन घास निर्धास्तपणे कोठे खावेत, एवढाच त्याचा प्रश्न. ज्या डावाने रस्सा ढवळला तोच आपल्या वरणात बुडाला नाही ना, या शंकेने त्याचा घास अडला तर त्यात हसण्यासारखे काय आहे?

मालकालाही बाजू आहेच. चौघांच्या टोळक्यात एकाला मांसाहार हवा असला, की चौघेही शेजारच्या हॉटेलात जातात, हे गल्ल्यावर बसणाऱ्याला पुरते ठाऊक असते. काय रांधावे हे ठरविण्याचा अधिकार त्याचा. मात्र पाटी तशीच ठेवून मुदपाकखाना बदलण्याचा अधिकार त्याला नाही. पाकीटबंद शाकाहारी अन्नावर हिरवा ठिपका सक्तीचा आहे. उपाहारगृहाच्या भिंतीआड मात्र काय चालते, हे गिऱ्हाइकाला वाढप्याच्या शब्दावरच मानावे लागते.

येथवर गिऱ्हाइकाची बाजू रास्त आहे. पण पाटीवरच्या ‘शाकाहारी’च्या आधी बसलेला तो ‘शुद्ध’ शब्द निरुपद्रवी नव्हे. शाकाहारी अन्न शुद्ध, तर शेजारच्या ताटातले काय? शुद्धतेच्या नावाखाली माणसांना बाहेर कसे ठेवले जाते, हे नाशिकला कोणी शिकवायला नको. 2 मार्च 1930 रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराच्या दाराशी सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो वर्षानुवर्षे नेटाने चालविला, तरी ते दार उघडले नाही. आज हाच शब्द ताटाच्या आडून परततो आहे. 2023 साली मुंबईच्या आयआयटीत शाकाहाऱ्यांसाठी वेगळी टेबले राखली गेली आणि तेथे बसून मांस खाल्ल्याबद्दल दंडही झाला. 2025 च्या स्वातंत्र्यदिनी कल्याण-डोंबिवलीप्रमाणेच नाशिक जिल्ह्यातील मालेगावच्या महापालिकेनेही मांसविक्री बंद ठेवण्याचे फर्मान काढले. स्वातंत्र्याचा दिवस निवडून खाटकाची रोजी बुडवावी, हे औचित्य कोणाला सुचले असेल! 2014 च्या सरकारी नमुना पाहणीनुसार महाराष्ट्रात शाकाहारी सुमारे 40 टक्के. म्हणजे बहुसंख्येचा दाखलाही या फर्मानांना नाही.

नाराज गिऱ्हाइकाने मालकाला खडसवावे, दुसरे भोजनगृह शोधावे, हवे तर चार मित्रांनाही घेऊन जावे. परंतु त्याच नाराजीचा अर्ज करून तो महापालिकेच्या दारी गेला आणि अमुक रस्त्यावर मांस शिजू नये असे म्हणू लागला, की त्याची तक्रार स्वतःच्या ताटापुरती उरत नाही. 2027 च्या सिंहस्थ पर्वण्यांना लाखो यात्रेकरू गोदाकाठी येतील. त्यांच्यासाठी अन्न व औषध प्रशासनाने भोजनगृहांचे मुदपाकखाने तपासावेत, भांडी आणि तेलाच्या कढया वेगळ्या आहेत की नाहीत ते पाहावे, खोट्या पाट्या उतरवाव्यात. मटणाचे दुकान बंद करणे सोपे, म्हणून ते आधी होऊ नये.