शाळा घरी येते तेव्हा



साथीचा इशारा मिळाला की पहिले कुलूप बहुधा शाळेच्या दारालाच लागते. मुले घरी थांबतात आणि त्यांच्यामागोमाग वर्गही घरात येतो. ज्या घरात तो येतो, त्याच घरात आपणही असता. आपल्या गोळ्यांच्या वेळा ठरलेल्या असतात, दुपारी तासभर डोळा लागणे आवश्यक असते आणि नातवंडांचा वावर हवाहवासाही वाटत असतो. घरच्या शाळेत मुलांच्या अभ्यासाचे काय होईल, याचा विचार पुष्कळ झाला. त्याच छपराखाली राहणाऱ्या वयोवृद्धांच्या प्रकृतीचा मात्र तितकासा झाला नाही. आज त्याविषयी बोलू.

आपल्यापैकी अनेकांनी वडीलधाऱ्यांकडून प्लेगच्या आठवणी ऐकल्या असतील. त्या काळी गावे ओस पडत आणि लोक शिवारात झोपड्या बांधून राहत. साथीत माणसे घराबाहेर पडत, पांगत. कोरोनाच्या काळात याच्या उलट झाले. सारी माणसे घरात आली आणि एकमेकांतील अंतर कमी झाले.

मार्च २०२० च्या मध्यास राज्यातील शाळा बंद होऊ लागल्या. पहिली ते आठवीच्या वार्षिक परीक्षा रद्द झाल्या. दहावीचा भूगोलाचा पेपर राहिला तो राहिलाच. जूनमध्ये नवे वर्ष उजाडले ते मोबाईलच्या पडद्यावर. जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका दिसू लागली. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत याला आणखी एक पदर होता. पाटण-जावळीच्या खोऱ्यांतील मुंबईकर कुटुंबे आणि गलाईच्या व्यवसायानिमित्त देशभर विखुरलेली विटा-आटपाडीकडील कुटुंबे गावी परतली. एरवी दोघांपुरते असलेले घर भरून गेले. जे सुख दिवाळीत आणि मे महिन्यात मिळे, ते महिनोन्‌महिने मिळाले. त्यासोबत जोखीमही आली.

ही जोखीम काय असते, हे सांगली जिल्ह्यातील इस्लामपुराने आरंभीच पाहिले होते. मार्च २०२० च्या अखेरीस तेथे पंचवीसच्या आसपास बाधित आढळले आणि त्यांतील बहुतेक एकाच विस्तारित कुटुंबातील होते. पुढे बहुतेक जण बरे होऊन घरी परतले. परंतु श्वासावाटे पसरणारा आजार घराच्या चार भिंतींत किती सहज फिरतो, हा धडा त्यातून मिळाला.

ताप नाही, म्हणजे आजार नाही असे नव्हे

लहान मुलांमध्ये अशा संसर्गाची लक्षणे पुष्कळदा सौम्य असतात. नाक गळते, थोडा खोकला होतो आणि दोन दिवसांत मूल पुन्हा उड्या मारू लागते. तोच संसर्ग सत्तरीच्या व्यक्तीला जड जाऊ शकतो. मधुमेह, दमा, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास अधिकच.

काळजी घेणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. उतारवयात संसर्ग झाला तरी ताप चढेलच असे नाही. अन्नावरची वासना जाणे, एकाएकी गळून जाणे, दिवसा सुस्त पडून राहणे, बोलण्यात गोंधळ होणे, चालताना तोल जाणे ही लक्षणेही तितकीच बोलकी असतात. ‘आजोबा आज जेवले नाहीत’ हे वाक्य साथीच्या दिवसांत सहजपणे घेऊ नये. घरी ऑक्सिमीटर असेल आणि आकडा ९४ च्या खाली दिसत असेल, किंवा धाप लागत असेल, तर वाट न पाहता डॉक्टरांशी बोलावे. गरज भासल्यास १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी.

आणि आजी-आजोबांनो, आपल्यालाही एक विनंती. मुलांचा तास चालू आहे, सून कामात आहे, कशाला कोणाला त्रास, या विचाराने कणकण लपवू नका. लपविलेले दुखणे पुढे साऱ्या घराला अधिक त्रास देते.

एकच घंटा, दोघांचे वेळापत्रक

घरात शाळा आली की घराचे घड्याळ बदलते. जेवण लांबते, गोळी राहून जाते आणि दुपारची झोप मोबाईलच्या आवाजात हरवते. यावर उपाय सोपा आहे. मुलाच्या वेळापत्रकाशेजारी आपलेही मांडावे. पहिल्या तासाआधी रक्तदाबाची गोळी. मधल्या सुट्टीत दोघांनी मिळून पाणी पिणे आणि अंगणात किंवा गच्चीवर दहा मिनिटे चालणे. शेवटचा तास संपला की घरात शांतता. आजोबांची गोळी आठवून देण्याचे काम नातवाकडे सोपवले, तर तो ते मोठ्या अभिमानाने करतो.

शाळा दिवसभर पडद्यावर चालावी, असेही कोणी सांगितलेले नाही. केंद्र सरकारच्या २०२० च्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचनांनुसार पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांचे दोनच तास असावेत आणि नववी ते बारावीसाठी चार. उरलेला दिवस वही, पुस्तक आणि घरातल्या माणसांचा आहे.

बसण्याची जागाही विचारपूर्वक ठरवावी. खिडकी उघडी असावी, वारा खेळता असावा. मुलाला सर्दी-खोकला असेल तर त्याने मास्क लावावा, वडीलधाऱ्यांपासून दोन हात दूर बसावे आणि त्या दिवसांत शेजारी झोपू नये. पाण्याचा पेला आणि पंचा वेगळा असावा. हे अंतर रागाचे नव्हे, काळजीचे आहे, हे मुलाला आधीच समजावून सांगावे. अन्यथा आजी आपल्याला जवळ का घेत नाही, हा प्रश्न त्याच्या मनात सलत राहतो. दरवर्षीची फ्लूची आणि न्यूमोनियाची लस यांविषयीही आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवावे.

शिकवू नका, ऐका

पुष्कळ आजी-आजोबांना वाटते, हे नवे गणित, हे इंग्रजी आपल्याला कुठून येणार? आपल्याला ते येण्याची गरज नाही. मुलाने धडा मोठ्याने वाचावा आणि आपण ऐकावा. ‘आज नवीन काय कळले, मला सांग पाहू’ एवढा एक प्रश्न पुरे. जे दुसऱ्याला समजावून सांगता येते, ते मुलाच्या मनात पक्के बसते. अक्षरओळख नसलेली आजीही ही शिकवणी उत्तम घेऊ शकते.

आपल्या या मुलखात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. तिच्या वसतिगृहांत कष्ट करून शिकलेले कितीतरी आजोबा आज सातारा-सांगलीच्या घराघरांत आहेत. शाळा जवळ नसतानाही शिक्षण थांबत नाही, हे त्यांनी स्वतः अनुभवले आहे. ती हकिगत नातवंडांना सांगावी. पाठ्यपुस्तकात ती सापडणार नाही.

परंतु ऐकण्याचे काम आनंदाचे असेपर्यंतच करावे. दिवसभर मुले सांभाळण्याचा सारा भार आजीवर पडत असेल आणि त्यापायी तिची झोप, चालणे, दवाखान्याची तारीख चुकत असेल, तर घरातील कर्त्या माणसांनी वाटणी पुन्हा करावी. घरची सून तर एकाच वेळी शिक्षिका, परिचारिका आणि स्वयंपाकीण होऊन जाते. तिच्याही वाट्याला एक मधली सुट्टी यावी.

ऑक्टोबर २०२१ मध्ये शाळा उघडल्या, जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा मिटल्या आणि त्याच महिन्याच्या २४ तारखेपासून पुन्हा उघडू लागल्या. असा इशारा पुन्हा केव्हा मिळेल, हे कोणाच्या हाती नाही. मात्र घराची तयारी आपल्या हाती आहे. या आठवड्यात एक कागद घ्यावा. त्यावर घरातील प्रत्येक ज्येष्ठाची औषधे, त्यांच्या वेळा, डॉक्टरांचा दूरध्वनी आणि आजारी पडल्यास कोण कोणत्या खोलीत राहील, एवढे लिहावे. लिहिण्याचे काम नातवंडाला सांगावे. त्याचे शुद्धलेखनही होईल आणि आजी-आजोबांची जपणूक कशी करावी, हा घरच्या शाळेतील पहिला धडाही होईल.