पुलाची भिंत

पूल म्हटला म्हणजे लोकांची दृष्टि कमानींकडे व तुळयांकडे जाते. ज्या भरावावरून आपण पुलावर चढतों, त्यास दोहों बाजूंनीं आवरून धरणाऱ्या भिंतींकडे सहसा कोणी पाहत नाहीं. आमच्या मतें शहरांतील पुलाची खरी परीक्षा ह्या भिंतींपाशींच होते.

मुंबईंत अंधेरी येथील गोखले पुलाचा कांहीं भाग ३ जुलै २०१८ रोजीं कोसळला. पुढें तो पाडून नवा बांधतांना रेल्वेच्या नियमांप्रमाणें उंची वाढवावी लागली. २०२४ सालीं त्याची एक बाजू खुली झाली, तों शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाशीं तिचा मेळ बसेना. अखेर तोच पूल उचलून सांधा जुळविला. पूल व त्याचा चढ यांचा विचार एकत्रच केला पाहिजे, हें यावरून स्पष्ट होतें.

पूल उंच झाला कीं चढहि वाढतो. तीस मीटरांत एक मीटर चढावें असें ठरविल्यास, सहा मीटर उंचीस १८० मीटर रस्ता लागतो. भरावाची माती नुसती उतरती सोडली, तर ती प्रत्येक बाजूस सुमारें १२ मीटर पसरेल. आणि शहरांत तेथें दुकानें व बिऱ्हाडें असतात. म्हणून उभी भिंत बांधणें योग्यच होय. परंतु तिच्यामुळें वांचलेलीं घरें तिच्याच पायथ्याशीं राहतात, हें विसरून चालणार नाहीं.

भिंतीचा मोठा शत्रु माती नव्हे, तर मातींत कोंडलेलें पाणी होय. कोरड्या भरावाचा जो रेटा भिंतीवर येतो, तो भराव पाण्यानें काठोकाठ भरल्यास दुपटीहून अधिक होतो. यास्तव भिंतीमागें खडीचा थर घालतात व भिंतींत पाणी झिरपून जाण्यास भोकें ठेवतात. कोणी म्हणेल, न दिसणाऱ्या कामावर एवढा खर्च कशाला? आम्ही म्हणतों, जें दिसत नाहीं त्याचीच देखरेख अधिक हवी. रंगरंगोटी पुढील वर्षीं केली तरी चालेल. पाण्याची वाट मात्र पहिल्या पावसापूर्वीं मोकळी हवी.

तेव्हां पुलाच्या नकाशाबरोबरच भिंतीचा व तिच्या निचऱ्याचा खर्च मंजूर व्हावा, आणि दरवर्षीं मृगापूर्वीं तीं भोकें साफ व्हावींत. पालकांनीं नगरसेवकांस याविषयीं विचारावें. विद्यार्थ्यांनीं त्या भोकांत कागद वा ढेकळें कोंबूं नयेत. पावसांत त्यांतून पाणी वाहतांना दिसलें, तर भिंत आपलें काम करीत आहे असें समजावें. भर पावसांतहि तीं कोरडीं राहिलीं, तर वडील माणसांस अवश्य सांगावें.