सुनेच्या माथी मारलेला आजार

ठाण्याजवळच्या दिव्यातल्या ज्येष्ठांच्या एका मेळाव्यात एका विद्वान वक्त्यांनी परवा सांगून टाकलं की, म्हातारपणी बुद्धी जाते ती घरच्यांच्या वागण्याने. टाळ्या पडल्या. वक्त्यांचं नाव घेत नाही, कारण हे मत एकट्या त्यांचं नाही. ते चाळीच्या ओट्यावर, लोकलच्या डब्यात, बाराव्या-तेराव्याच्या पंगतीत रोज ऐकू येतं. म्हणूनच ते खोडून काढायला हवं.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. वय झालं की विसर पडणारच, त्याला डिमेंशिया असं भारदस्त नाव देण्याची गरज नाही. पूर्वी गावात, एकत्र कुटुंबात हे नव्हतं; आता सुना नोकरीला जातात, म्हातारी माणसं एकटी पडतात आणि मग डोकं बिघडतं. यावर औषध नाही, मग निदान कशाला? हे सगळं औषध कंपन्यांचं पिल्लू आहे. आणि गल्लीतल्या डॉक्टरला रांगेतून मान वर करायला फुरसत नसते, त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवायची?

पहिला मुद्दा दोन वाक्यांत निकालात निघतो. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी लासी-डॅड अभ्यासात साठीपुढच्या शंभरातल्या साधारण साडेसात जणांना डिमेंशिया आढळला. देशभराचा अंदाज 88 लाखांचा. नुसत्या वयाने बुद्धी जात असती, तर उरलेल्या ब्याण्णव जणांनी काय पुण्य केलं? आणि आलॉइस अल्झायमर या डॉक्टरने ज्या बाईंच्या केसवरून आपल्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या डिमेंशियाच्या प्रकाराचं वर्णन केलं, त्या ऑगुस्टे डेटर 1901 मध्ये फ्रँकफर्टच्या रुग्णालयात आल्या तेव्हा अवघ्या 51 वर्षांच्या होत्या.

कंपन्यांबद्दलचा मुद्दाही लवकर संपतो. लेकानेमॅब या नव्या औषधाची अमेरिकेतली किंमत वर्षाला 26,500 डॉलर ठेवली गेली. ते फक्त सुरुवातीच्या टप्प्यातल्या अल्झायमरसाठी आहे आणि मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होत नाही ना, हे पाहायला वरचेवर एमआरआय करावा लागतो. त्याबद्दल संशय घ्यायचा असेल तर मीही वक्त्यांसोबत उभा आहे. पण या लेखात मी जे मागणार आहे, ते कुठलीही कंपनी विकत नाही.

आता मूळ दुखण्याकडे येतो. ‘पूर्वी नव्हतं’ आणि ‘माया कमी पडली’ ही दोन वाक्यं मला सहन होत नाहीत, कारण त्यांनी घराघरांतल्या बायकांना गुन्हेगार ठरवलं आहे.

पूर्वी नव्हतं म्हणजे कधी? स्वातंत्र्याच्या सुमारास आपल्याकडे सरासरी आयुर्मान 32 वर्षांच्या आसपास होतं. आज ते सत्तरच्या घरात आहे. जो आजार बहुतेकांना सत्तरीनंतर गाठतो, तो गाठायला माणसं तेवढी जगत तरी होती का? जी जगली, त्यांचं काय व्हायचं हे कोकणातल्या कुठल्याही म्हाताऱ्या बाईला विचारा. शेतावरून परतताना आजोबा भलत्याच वाडीत पोचले, तर त्यांना ‘चकवा लागला’ म्हणायचे. रात्री उठून मेलेल्या भावाशी बोलू लागले, तर देवस्कीकडे बोट दाखवायचे, अंगारा लावायचे, गाऱ्हाणं घालायचे. फारच झालं तर माजघराच्या पलीकडच्या खोलीला बाहेरून कडी. आजार तेव्हाही होता; फक्त त्याची नोंद कुठल्या केसपेपरवर व्हायची नाही.

गावातल्या मायेचं म्हणाल, तर त्या लासी-डॅड अभ्यासाचेच आकडे वक्त्यांनी नीट वाचावेत. डिमेंशियाचं प्रमाण शहरांत 5.3 टक्के आणि खेड्यांत 8.4 टक्के. शुद्ध हवा, मोठं अंगण, अंगाखांद्यावर नातवंडं, आणि तरी प्रमाण जास्त! बायकांमध्ये ते 9 टक्के, पुरुषांमध्ये 5.8. याची कारणं संशोधक शिक्षणाचा अभाव, रक्तदाब, मधुमेह यांत शोधतात. 2024 च्या लॅन्सेट आयोगाने टाळता येण्याजोगी चौदा कारणं मोजली. ऐकू कमी येणं, दिसणं कमी होणं, कोलेस्टेरॉल, डोक्याला मार, धूम्रपान ही त्यांतली काही. एकटेपणाही त्या यादीत आहे, हे मी लपवत नाही. पण चौदांतल्या त्या एकावर बोट ठेवून उरलेली तेरा गिळून टाकायची आणि ते बोट पुन्हा सुनेकडेच वळवायचं, याला अभ्यास म्हणत नाहीत.

हा समज आपल्याकडे किती मुरला आहे, याचा पुरावा शेजारच्या गोव्यात आहे. 2001 साली विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी तिथल्या लोकांशी बोलून केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. डिमेंशियाची लक्षणं लोक ओळखत होते, पण तो आजार आहे असं मानत नव्हते. म्हातारपणीची अशी दुखणी मुलांनी केलेल्या आबाळीतून, माया न लावण्यातून येतात, असं त्यांना वाटत होतं. आणि ज्या कुटुंबव्यवस्थेचे आपण गोडवे गातो, तिथे पुष्कळदा इस्टेट मिळण्याच्या आशेवर सेवा टिकून होती. वक्त्यांनी मेळाव्यात शहाणपण म्हणून जे मांडलं, तो दोन दशकांपूर्वी संशोधनात नोंदवून झालेला गैरसमज आहे.

आता दिव्यातलं एक घर सांगतो. चाळीतली दीड खोली. सासरे गिरणीतून निवृत्त, मूळचे सिंधुदुर्गातले. संध्याकाळ झाली की ते धोतर, टॉवेल आणि पानाचा डबा पिशवीत भरतात आणि ‘गाडी चुकेल’ म्हणून दाराशी उभे राहतात. सावंतवाडीची गाडी दिव्याहून सकाळी सुटते, हे त्यांना रोज सांगितलं जायचं आणि त्यावरून रोज भांडण व्हायचं. मग सुनेने भांडणं सोडलं. आता ती चपला घालते, त्यांचा हात धरते, रेल्वे फाटकाच्या अलीकडे जाते, ‘आजची गाडी गेली, उद्या जाऊया’ म्हणते आणि त्यांना परत आणते. त्यांच्या सदऱ्याच्या खिशाच्या आतल्या बाजूला तिने आपला मोबाईल नंबर दोऱ्याने शिवला आहे. कागद ते फाडून टाकतात. गॅसचा रेग्युलेटर रात्री काढून ती उशाशी घेऊन झोपते. पाण्याची वेळ, टँकरची रांग, सकाळची लोकल हे सगळं याच्या जोडीला. हे तिला कुणी शिकवलेलं नाही. या बाईला कुणी माईकवरून सांगावं की तुझी माया कमी पडली?

इथे एक जुना वाद पुन्हा काढतो, कारण त्याचं मूळ हेच आहे. वृद्धाश्रम म्हणजे संस्कृतीचा ऱ्हास, असं म्हणणाऱ्यांशी मी बरीच वर्षं भांडत आलो आहे. त्यांनी पाश्चात्त्यांना नावं ठेवली, परिसंवाद घेतले, ठराव केले. पण अंथरूण ओलं करणाऱ्या, रात्रभर जागणाऱ्या माणसाची आठवड्यातून चार तास काळजी घेणारी एक तरी जागा त्यांनी उभी केली का? सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ पाहून याच मंडळींनी डोळे पुसले. त्यात स्मृती गेलेले संस्कृतचे व्यासंगी शास्त्री हत्तीमागे चालत सुटतात. चित्रपटगृहातून बाहेर पडताना कानावर काय आलं? मुलीने जास्त लक्ष द्यायला हवं होतं! डोळ्यांदेखत आजार दाखवला, तरी दोष शोधायला बाईच लागते.

दोषाच्या जोडीला धास्तीही आहे. ठाण्याचं मनोरुग्णालयही 1901 चं, म्हणजे ऑगुस्टे डेटर रुग्णालयात आल्या त्याच सालचं. ‘ठाण्याला पाठवा’ हे आपल्याकडे शिवीसारखं वापरलं जातं. त्या धास्तीने आजही किती घरं वडिलांचा विसर दवाखान्यात बोलून दाखवत नाहीत, हे इथला कुठलाही जुना डॉक्टर सांगेल.

‘औषध नाही तर निदान कशाला’ हा प्रश्न वरवर व्यवहारी वाटतो. त्याला पहिलं उत्तर असं की, विसरणारा प्रत्येक माणूस अल्झायमरचा नसतो. बी-12 ची कमतरता, थायरॉइड मंदावणं, नैराश्य, पडल्यानंतर मेंदूवर साचलेलं रक्त, सर्दी-अ‍ॅलर्जीच्या किंवा झोपेच्या गोळ्या यांनीही डोकं असंच धूसर होतं आणि यांतल्या पुष्कळांवर इलाज आहे. दोन दिवसांत अचानक भ्रम झाला, तर त्यामागे पुष्कळदा लघवीचा किंवा छातीचा संसर्ग असतो. तो म्हातारपण म्हणून सोडून दिला तर माणूस दगावू शकतो. दुसरं उत्तर असं की, निदान झालं की पेन्शनचं खातं, सह्या, वारसाची कागदपत्रं हे सगळं माणूस सही करण्याच्या स्थितीत असतानाच उरकता येतं. तिसरं उत्तर असं की, निदान झालं की घरातली भांडणं थांबतात.

राहिला गल्लीतला डॉक्टर. त्याच्यावरचा आरोप खरा आहे, हे मी मान्य करतो. दिव्यातल्या साबे गावाकडचा एखादा गाळा घ्या: बाकावर वीस माणसं, आत पडद्यामागे टेबल. डॉक्टर विचारतात, ‘काय बाबा, कसे आहात?’ बाबा हसून म्हणतात, ‘एकदम मस्त!’ प्रेशर घेतलं, गोळ्या लिहिल्या, पुढचा पेशंट. मागे फाईल धरून उभी असलेली सून तोंड उघडते, तोवर पडदा सरकलेला असतो. शिष्टाचाराचं बोलणं या आजारात फार उशिरापर्यंत टिकतं, म्हणून डॉक्टर फसतो. पुन्हा गेलं, तर झोपेची किंवा शांत करणारी गोळी मिळते. माणसाला शांत करणाऱ्या मानसिक आजारावरच्या औषधांनी डिमेंशियाच्या वृद्धांत मृत्यूचं प्रमाण वाढतं, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2005 मध्येच द्यायला लावला. तरी ती औषधं घरांत आणि वृद्धाश्रमांत सर्रास दिली जातात.

पण आरोप खरा म्हणून डॉक्टरला यातून वगळायचं का? उलट, दारातून पहिल्यांदा आत येणारा माणूस त्यालाच दिसतो. त्याने सुनेला दोन मिनिटं वेगळं बोलवावं. आजोबांना सकाळी काय जेवलात, आज वार कोणता, एवढं विचारावं. घड्याळ काढायला सांगावं. शाळा न शिकलेल्याला ते जमणार नाही, म्हणून रोजच्या कामांत काय बदललं हे घरच्यांकडून काढून घ्यावं. बी-12 आणि थायरॉइड तपासावं, गोळ्यांची पिशवी टेबलावर रिकामी करून पाहावी, कानातला मळ पाहावा. कर्नाटकात निम्हन्स या संस्थेने आणि राज्य सरकारने 2022 मध्ये ब्रेन हेल्थ इनिशिएटिव्ह सुरू करून प्राथमिक केंद्रांतल्या डॉक्टरांना हेच शिकवायला घेतलं. मग महाराष्ट्राला कशाची आडकाठी आहे?

आपल्याकडे धागा तयार आहे. आशा ताई घरोघरी जो फॉर्म भरतात, त्यात साठीपुढच्यांसाठी एक प्रश्न असतो: जवळच्यांची नावं किंवा स्वतःचा पत्ता विसरता का? उत्तर ‘हो’ आलं, तर तो कागद फाईलमध्ये न झोपता कळव्याच्या पालिका रुग्णालयातल्या ओपीडीपर्यंत पोचला पाहिजे.

आणि घरच्यांसाठी गोव्याचाच दाखला आहे. डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी तिथे 81 कुटुंबांवर चाचणी केली; ती 2008 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात बारावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक माणसांना आठवडाभर शिकवून घरी पाठवलं. ती सहा महिने जात राहिली, आजार समजावत राहिली, कठीण वागण्याला कसं तोंड द्यायचं ते दाखवत राहिली. रुग्णांच्या स्मृती परतल्या नाहीत. पण सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण मोजण्याइतका उतरला. दिव्यात अशा कामाला पुढे येणाऱ्या मुली-बाया पुष्कळ आहेत. त्यांना मानधन द्या. पालिकेच्या एखाद्या गाळ्यात दुपारचे चार तास या वृद्धांना सांभाळायची सोय करा, म्हणजे त्या सुनेला निदान झोप मिळेल. माया तिच्याकडे भरपूर आहे. कमी पडलेत ते डॉक्टर, पालिका आणि तिला दोष देऊन मोकळे होणारे आपण सगळे.