अकरा ताटे

आमच्या शाखेचे हेडकॅशियर गेल्या वर्षी जावयाच्या कृपेने पंधरा दिवस फ्रान्स पाहून आले. तेव्हापासून नोटा मोजता मोजता ते आम्हाला तिथल्या ‘आतल्या गोष्टी’ सांगतात. दुकानात शिरल्यावर आधी ‘बाँजूर’ म्हणायचे, मग काय हवे ते विचारायचे; नाहीतर दुकानदार आपल्याकडे खोट्या नोटेसारखा बघतो. खेडेगावात जेवायला साडेबारालाच हजर व्हायचे, कारण दोन वाजले की चूल बंद. फळ्यावर खडूने त्या दिवशीचा जो पदार्थ लिहिला असेल तोच मागवायचा. आणि बाटली न घेता सुरईतले नळाचे पाणी मागायचे, ते फुकट मिळते. हे शेवटचे कलम सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर मुदत ठेवीचे व्याज जमा झाल्यासारखे तेज येते.

माझी तक्रार फ्रान्सबद्दल मुळीच नाही. तक्रार अशी की, हेच गृहस्थ दिवाळीनंतर आमच्याबरोबर मुरूडला आले, आणि दुपारी साडेतीन वाजता एका घरगुती खाणावळीच्या ओटीवर चपलांसकट चढून ओरडले, ‘ओ मावशी, काय काय आहे?’ बाँजूर नाही, नमस्कार नाही, उशीर झाल्याची दिलगिरी नाही. मावशी भांडी घासायच्या बेतात होत्या. तरी म्हणाल्या, ‘बिरडं आहे, बांगड्याचं कालवण आहे, भाकऱ्या टाकते गरम.’

यावर आमच्या फ्रान्सरिटर्न गृहस्थांनी विचारले, ‘पनीर नाही?’

अहो, वाल भिजवायचे, त्यांना मोड आणायचे, मग कोमट पाण्यात घालून एकेक दाणा सोलायचा. त्या वाटीभर बिरड्यामागे दोन दिवस असतात. परक्या मुलखात जो माणूस फळ्यावरचा पदार्थ मुकाट्याने खातो, त्याला आपल्याच जिल्ह्यात फळा का दिसू नये?

अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत आज जागोजागी ‘पंजाबी, चायनीज’ अशा पाट्या दिसतात. त्या बघून आपण हळहळतो, ‘कोकण पूर्वीसारखं राहिलं नाही हो!’ कसे राहील? पाटी रंगवणारा रंगारी गावचा असेल, पण मजकूर आपण सांगितलेला आहे. कुणी म्हणेल, पैसे मोजतो, मग हवे ते का मागू नये? जरूर मागावे. पण पनीरच खायचे तर पेट्रोल जाळून समुद्रापर्यंत यायचे कशाला? मी कॉमर्सचा पदवीधर आहे. हा खर्च कोणत्या खात्यात नावे टाकावा, मला कळत नाही.

आतली माहितीच हवी असेल तर आमच्याकडची घ्या. खाणावळीत सकाळीच फोन करून किती ताटे ते सांगावे, आणि वेळेवर जावे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत ‘पापलेट आजचंच ना?’ असे विचारून भल्या माणसाला खोटे बोलायला लावू नये, सुकट मागावी. थंडीत कुणी पोपटीला बोलावले तर मान न घेता जावे. भांबुर्ड्याच्या पाल्यात, मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा कोणत्याही मेनूकार्डावर सापडायच्या नाहीत. परकी भाषा ऐकायचीच हौस असेल तर रेवदंड्याची खाडी ओलांडून कोर्लईला जावे. तिथे किल्ल्याच्या पायथ्याशी पोर्तुगीजांपासून उरलेली बोली अजून घराघरांत बोलतात. मात्र आधी नमस्कार करावा.

आणि ही खास हिशेबनिसाची टीप. तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा. साधारण तितक्या वाजता भरती. त्यात सहा मिळवा, की ओहोटी. चतुर्थीला तीनला भरती, नऊला ओहोटी. म्हणजे सकाळी अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात पायी जाता येते. हिशेब ढोबळ आहे, तेव्हा पाण्यात पाय घालण्याआधी कोळीदादांना विचारावेच. चतुर्थी वद्य असली तर संकष्टी, म्हणजे मासे बंद. समुद्राचेही खाते असेच, एकीकडे जमा, दुसरीकडे नावे.

एवढे तोंड वर करून लिहिल्यावर माझीही येणे बाकी सांगून टाकतो. दोन वर्षांपूर्वी श्रीवर्धनला एका घरी मी अकरा ताटे सांगितली होती. हरिहरेश्वरला रमलो, पोरे भुकेने रडू लागली, वाटेत मिळेल ते खाल्ले. हो, पनीरच. फोन करायचा राहिला. खरे म्हणजे टाळला. चेक परत गेला तर १९८९ पासून त्याला कलम १३८ आहे. ताट परत गेले तर कुठलेच कलम नाही.

संध्याकाळी मन खाऊ लागले म्हणून त्या घरी गेलो. पडवीत अकरा पाट तसेच मांडलेले. बाई म्हणाल्या, ‘चारपर्यंत वाट बघितली हो. मोदक गार झालेत, मुलांसाठी बांधून देऊ?’ पैसे पुढे केले, तर म्हणाल्या, ‘न जेवलेल्याचे कसले घ्यायचे?’

यंदा त्याच रस्त्याने गेलो. दारावर नवी पाटी आहे: ‘पंजाबी थाळी मिळेल. पैसे आगाऊ.’

मी गाडी थांबवली नाही. पाटीखाली सही नव्हती, पण मी बँकेत सह्या तपासतो. माझी मला ओळखता आली.