दुसरी भूमिका कोण देणार?

दिवाळीच्या सुट्टीत हिंगणघाटला आमच्याकडे भाचेकंपनी जमली होती. फराळ झाला, पत्ते झाले आणि दुपारी टीव्हीवर 'फँड्री' लागला. नागराज मंजुळ्यांचा हा सिनेमा मी तिसऱ्यांदा पाहत होतो, पोरं पहिल्यांदाच. शेवटी जब्यानं भिरकावलेला दगड थेट आपल्या अंगावर येतो आणि पडदा काळा होतो. घरात क्षणभर कुणी बोललं नाही. मग सहावीतल्या भाचीनं विचारलं, "मामा, हा पोरगा आता काय करून राह्यला?"

जब्या झालेला सोमनाथ अवघडे हा सोलापूर जिल्ह्यातल्या खेड्यातला, हलगी वाजवणारा मुलगा. त्याला उत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि पुढंही तो सिनेमात दिसला. तसं मी तिला सांगितलं. पण प्रश्न डोक्यातून जाईना, कारण तो एकट्या सोमनाथचा नव्हता. सिनेमातला जब्या कैकाडी आहे. (हा समाज राजुरा वगळता विदर्भात अनुसूचित जातींत मोडतो आणि उरलेल्या महाराष्ट्रात विमुक्त जातींत; माणूस तोच, जिल्हा बदलला की कागद बदलतो!) अशा वस्त्यांतून, पाड्यांवरून आलेल्या मुलाला पहिली भूमिका मिळते, गाजते, फोटो छापून येतात. दुसरी भूमिका त्याला कोण देतं?

आपल्या पडद्यावर आदिवासी नाहीत असं नाही. १९७७चा 'जैत रे जैत' आठवा. गोनीदांची कादंबरी, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, ठाकरवाडीतला नाग्या आणि चिंधी. नाग्या झाले मोहन आगाशे, चिंधी झाली स्मिता पाटील. त्यानंतर तीन वर्षांनी गोविंद निहलानींचा 'आक्रोश' आला. त्यात लहान्या भिकू हा आदिवासी सिनेमाभर जवळजवळ बोलतच नाही. ती भूमिका ओम पुरींची. या कलावंतांविषयी माझी तक्रार नाही. दुसऱ्याच्या कातडीत शिरणं हेच नटाचं काम, आणि या तिघांनी ते चोख केलं.

पण पुढचं पाहा. 'आक्रोश'नंतर तीनच वर्षांनी, १९८३ साली, 'अर्धसत्य' आला. दिग्दर्शक तेच निहलानी, पटकथा पुन्हा तेंडुलकरांचीच, आणि फौजदार अनंत वेलणकर झाले ओम पुरी. लहान्या करणारा माणूस वेलणकर होऊ शकला, म्हणून ओम पुरी 'ओम पुरी' झाले. आता कल्पना करा, लहान्याची भूमिका खरोखरच्या आदिवासी तरुणानं केली असती आणि इतकीच चांगली केली असती. त्याला वेलणकर मिळाला असता? मला नाही वाटत. त्याचं कौतुक झालं असतं ते 'किती अस्सल वाटतो' असं. अस्सल म्हणजे अभिनय नव्हे, असा त्याचा छुपा अर्थ. शहरातल्या नटानं केला की अभिनय आणि पाड्यावरच्या मुलानं केला की स्वभाव, हा हिशेब आपण सगळेच करतो. मीही केला आहे.

केरळात याचं जिवंत उदाहरण आहे. २००६ सालच्या 'फोटोग्राफर' या सिनेमात मोहनलालबरोबर वायनाडच्या आदिवासी वस्तीतल्या मणी नावाच्या मुलानं काम केलं. राज्याचा बालकलाकाराचा पुरस्कार त्याला मिळाला. आणि मग? मग तो मजुरीला लागला. पुन्हा मोठी भूमिका मिळाली ती २०१८ साली, 'उडलाळम्'मध्ये. मधे बारा वर्षं गेली. तीही भूमिका आदिवासीचीच.

ऑस्ट्रेलियाकडे मी मुद्दाम वळतो, कारण तिथं हाच पेच आपल्या आधी पडला आणि थोडाफार सुटलाही. तिथले मूलनिवासी लोकसंख्येत शंभरात जेमतेम तीन-चार. त्यांच्याच नायकांच्या गोष्टी गोऱ्यांनी तोंड रंगवून कराव्यात, हा तिथलाही रिवाज होता. १९७२च्या सुमाराला 'बोनी' नावाची टीव्ही मालिका निघाली. नायक मिश्र वंशाचा मूलनिवासी गुप्तहेर. भूमिका न्यूझीलंडच्या गोऱ्या नटाची! त्याच मालिकेत किरकोळ कामं करणाऱ्यांत होता डेव्हिड गुलपिलिल.

हा गुलपिलिल उत्तरेकडच्या आर्नहेम लँडमधला योल्ङु जमातीचा नर्तक. कोवळ्या वयात १९७१ साली 'वॉकअबाउट'मध्ये आला आणि जगभर पोचला. पुढं 'स्टॉर्म बॉय', 'द लास्ट वेव्ह', आणि आपल्याकडंही पाहिला गेलेला 'क्रोकोडाइल डंडी'. म्हणजे त्याला दुसरीच नव्हे, विसावी भूमिकाही मिळाली. पण भूमिका काय? वाट दाखवणारा, माग काढणारा, जंगलाचं गूढ जाणणारा. शीर्षकाची भूमिका मिळाली २००२ साली, पन्नाशीला टेकल्यावर, आणि ते शीर्षक होतं 'द ट्रॅकर', म्हणजे पुन्हा माग काढणाराच! तोवर दारू, कोर्टकचेऱ्या, गरिबी यांनी त्याला पुरतं घेरलं होतं. बायकोला मारहाण केल्याबद्दल तो तुरुंगातही गेला. त्याचं समर्थन करता येणार नाही. दिग्दर्शक रॉल्फ डी हीरबरोबर त्यानं 'चार्लीज कंट्री' लिहिला. स्वतःच्या आयुष्याच्या जवळची ती गोष्ट होती. २०१४ साली कान महोत्सवातल्या 'अँ सर्तें रगार' विभागात त्याला अभिनयाचा पुरस्कार मिळाला. २०२१च्या नोव्हेंबरात तो गेला.

मला मात्र गुलपिलिलपेक्षाही महत्त्वाची वाटते ती डेबोरा मेलमन. १९९८ला 'रेडियन्स'साठी तिला तिथला अभिनेत्रीचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. तो मिळवणारी ती पहिली मूलनिवासी. पण खरी गंमत २००१ साली घडली. 'द सिक्रेट लाइफ ऑफ अस' या मालिकेत तिला मेलबर्नच्या एका इमारतीत मित्रमैत्रिणींबरोबर राहणारी, नोकरी आणि प्रेम शोधणारी साधी मुलगी करायला मिळाली. माग काढायचा नाही, जंगल नाही, अन्यायाचं भाषणही नाही. घरोघरी लोकांनी तिला तशी पाहिली. हे आपोआप झालं नाही. १९९३ साली तिथल्या सरकारी चित्रपट आयोगानं मूलनिवासी लेखक-दिग्दर्शकांसाठी वेगळा विभाग काढला होता. २००७ला त्यांची स्वतंत्र दूरचित्रवाहिनी सुरू झाली. कॅमेऱ्यामागं माणूस बसला की कॅमेऱ्यापुढच्या माणसाला दुसरी भूमिका मिळते.

आपल्याकडं २०११च्या जनगणनेत आदिवासी एक कोटी पाच लाख, राज्याच्या नऊ टक्क्यांहून जास्त. गोरेगावच्या चित्रनगरीच्या आवारात आदिवासी पाडे आहेत. सेट उभारतात, मोडतात, पाडे तिथंच असतात. रोजच्या मालिकांत घरातली सून, वकील, डॉक्टर, अगदी खलनायिका म्हणून किती आदिवासी मुली दिसल्या, हे वाचकांनीच आठवून पाहावं. आडनाव बदलून कुणी असेल तर ते आपल्याला कळणारही नाही, आणि बदलावं लागलं असेल तर तेही बोलकंच.

नट तयार होत नाहीत, ही सबब मला मान्य नाही. आमच्या हिंगणघाटहून उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी ओलांडून वैनगंगेच्या काठी वडशाला जा. भाऊबीजेपासून होळीपर्यंत झाडीपट्टीची नाटकं रात्र-रात्र चालतात. शंकरपट, मंडई आणि नाटक, हा तिकडचा ऋतूच. दिवसा धान कापणारा माणूस रात्री राजा होतो, उद्या दारुडा, परवा न्यायाधीश. गडचिरोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा त्यांच्या नावावर आठशे वेगवेगळ्या भूमिका नोंदल्या गेल्या. आठशे! मुंबईतल्या किती नटांच्या वाट्याला तेवढ्या येतात?

हे सारं मी त्या रात्री जेवताना घरात बोललो, जरा लांबलंच. भाची ऐकत होती. मग म्हणाली, तिच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात दरवर्षी आदिवासी नृत्य असतं, पानं बांधून, गालावर ठिपके काढून. वर्गातल्या गोंड मुलीला बाई त्यात न विचारताच घेतात. शिवाजी महाराजांचं नाटकही असतं.

"मामा, तिले जिजाऊ व्हायचं होतं," ती म्हणाली. "तिचं पाठांतर माझ्यापेक्षा चांगलं आहे."

जिजाऊ कोण झाली होती, हे मी विचारलं नाही. फोटो आमच्याच भिंतीवर आहे.