काटा दुसऱ्याचा, मीटर तरी आपला



कापूस जिनिंगवर नेला की काटा व्यापाऱ्याचा. ज्वारी आडतीवर उतरवली की मापाडी बाजाराचा. आपल्या मालकीचे एक मोजमाप दारातच उभे असते : जुन्या जीपचा, टेम्पोचा, मोटारसायकलचा किलोमीटरचा मीटर. तोही वर्षानुवर्षे एकाच आकड्यावर अडकलेला असतो आणि आपण त्याकडे पाहतही नाही.

'गाडी चालते ना, मग मीटर कशाला?' असे म्हणणाऱ्याला माझा उलट प्रश्न आहे. क्विंटलमागे वाहतुकीला किती खर्च आला, हे कशावरून सांगणार? बाजार किती दूर आहे ते सगळ्यांना ठाऊक असते. पण वेचणीला मजूर आणण्याच्या, खत आणण्याच्या, रिकामे परतण्याच्या फेऱ्या कोण धरतो? टाकी काठोकाठ भरा, आकडा लिहा. पुन्हा काठोकाठ भराल तेव्हा भागाकार करा. समजा ३३० किलोमीटरला ३० लिटर डिझेल गेले, तर लिटरला ११. पुढे हाच आकडा ९ वर आला, तर इंजिन काहीतरी सांगते आहे. मीटर बंद असेल तर हे कळणारच नाही. इंजिनचे ऑइलही अंदाजानेच बदलाल.

मी हे लिहितो आहे महाडजवळच्या दासगावातून. डिसेंबर १९२७ मध्ये सत्याग्रहासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोटीने उतरले, ते हेच दासगाव. आमच्याकडे सावित्रीची खाडी आणि धो धो पाऊस. महाडात जुलै २०२१ मध्ये पूर आला, तशा पुरात बुडालेल्या गाडीच्या केबलमध्ये गाळ शिरतो, तार गंजते. तुमच्याकडे पाऊस नाही, पण धूळ आहे आणि ऊन आहे. ग्रीस वाळून घट्ट होते. कारण वेगळे, पण अडकणे तेच.

दुरुस्ती अवघड नाही. आधी दोष कुठे आहे ते पाहा. वेगाचा काटा आणि आकडे दोन्ही बंद असतील, तर बहुधा केबल तुटली आहे किंवा गिअरबॉक्सकडचे, मोटारसायकलला पुढच्या चाकाकडचे, दातेरी चाक झिजले आहे. काटा हलतो पण आकडे थांबलेत, तर दोष मीटरच्या आत : प्लास्टिकचे बारीक चाक दांड्यावर तडकले आहे किंवा आकड्यांची चाके वाळलेल्या ग्रीसने धरली आहेत.

केबलची आतली तार ओढून काढा, रॉकेलने धुवा. खालच्या दोन तृतीयांश भागालाच पातळ ग्रीस लावा. वरचे टोक कोरडे ठेवा, नाहीतर ग्रीस चढून मीटरमध्ये जाते. केबलला कुठेही तीव्र वळण देऊ नका. मीटर उघडावा लागला तर जाणत्या कारागिराकडे न्या. आकड्यांची चाके स्क्रूड्रायव्हरने ढकलू नका. त्यांच्या दांड्याला पातळ तेलाचा एक थेंब पुरे. वेगाच्या काट्याच्या केसासारख्या बारीक स्प्रिंगला तेल लागता कामा नये.

दुरुस्तीनंतर महामार्गाच्या दगडांवर तपासा. दहा किलोमीटरच्या दगडांत दहाच आकडे फिरले पाहिजेत. वेगळ्या मापाचा टायर असेल तर फरक पडतो.

एक गोष्ट मात्र करू नका. मीटर उघडलाच आहे म्हणून आकडा मागे फिरवू नका. तो घेणाऱ्याची फसवणूक करतो, आणि घेणारा बहुधा आपल्यासारखाच शेतकरी असतो. काट्यात मारणाऱ्या व्यापाऱ्याला शिव्या द्यायच्या आणि मीटरमध्ये आपण मारायचे, हे चालणार नाही. मीटर किती आकड्यावर बंद पडला आणि कधी चालू केला ते वहीत लिहा. गाडी विकताना वही दाखवा. जुनी गाडी घेतानाही आकड्यावर विसंबू नका. पाच आकड्यांचा मीटर ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर येतो.

उत्पादन खर्चाचा हिशेब मांडताना 'अंदाजे' हा शब्द समोरच्याच्या सोयीचा असतो. पुढच्या बैठकीला येताना तुमच्या गाडीचे दोन आकडे वहीत लिहून आणा : किती किलोमीटर चालली आणि किती लिटर जळले.